जाहिरातीवांचून वृत्तपत्र

मजकुराभोंवतालच्या जाहिराती गाळून टाकणारीं साधनें संगणकावर आलीं, आणि वृत्त फुकट वाचावयास देऊन जाहिरातींवर निर्वाह करणाऱ्या संकेतस्थळांच्या चालकांची झोंप उडाली. वाचक येतो, वाचतो, पण त्याच्यापोटीं मिळावयाचा पैसा येत नाहीं! हें संकट अपूर्व मानलें जातें. आम्हांस मात्र तें तितकें अपूर्व वाटत नाहीं.

31 जानेवारी 1920 रोजीं मुंबईस डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' पाक्षिक निघालें. त्याची जाहिरात पैसे घेऊनहि छापण्यास 'केसरी'नें नकार दिला. म्हणजे जाहिरात अडविली ती वाचकानें नव्हे, समव्यवसायी पत्रानें. छत्रपति शाहू महाराजांच्या 2,500 रुपयांनीं आरंभ निभावला. पण देणगी हें घागरीचें पाणी, विहिरीचें नव्हे. 1923 त पत्र बंद पडलें.

धाराशिव, म्हणजे तेव्हांचा उस्मानाबाद जिल्हा, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या मुलुखासाठीं आ. कृ. वाघमारे यांनीं 1938 त 'मराठवाडा' साप्ताहिक काढलें तें पुण्याहून. निजाम सरकारनें बंदी घातली कीं तें नवें नांव घेऊन निघे. ज्या पत्राचें उद्यांचें नांव ठाऊक नाहीं, त्यांत वर्षाची जाहिरात कोणता व्यापारी देणार? असल्या पत्रास, तें आपलें म्हणणाऱ्या वाचकावांचून दुसरा आधार नसतो.

'न्यूयॉर्क टाइम्स'नें मार्च 2011 पासून ठराविक लेखांपुढें वर्गणी मागितली. लंडनचा 'गार्डियन' मजकूर खुला ठेवून वाचकांकडे ऐच्छिक साहाय्य मागतो. दोघांनींहि हात पसरला तो वाचकापुढेंच.

जिल्ह्याच्या गांवचें लहानसें संकेतस्थळ निराळाच मार्ग धरूं शकतें. गाळणी साधनें बहुधा परक्या जाहिरात-यंत्रणांचे पत्ते ओळखून त्यांस अडवितात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचें शुभेच्छाचित्र स्वतःच्याच पानांत बसविलें, तर तें सहसा सुटतें. उत्पन्न होतें खरें. परंतु त्याच पुढाऱ्याच्या कारभारावर दुसऱ्या दिवशीं लिहावयाचें कसें?

पूर्वीं वर्गणी मनीऑर्डरनें येई, व्ही. पी. परत आली कीं टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. आतां परांड्याच्या वाचकास महिन्याचे वीस रुपये यूपीआयनें घरबसल्या धाडतां येतात. तेवढे मागण्याचा संकोच मात्र चालकांस अद्यापि वाटतो.