गडावरचा विनामूल्य मुक्काम : जागा कुणाची, विचारायचे कुणाला?

– प्रतिनिधी

हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री मुंबईहून कर्जत किंवा कसाऱ्याकडे निघालेल्या शेवटच्या लोकलमध्ये पाठीवर सॅक अडकवलेल्या तरुणांचे घोळके हमखास दिसतात. पुण्यात हेच दृश्य पहाटे स्वारगेटच्या एसटी स्थानकावर पाहायला मिळते. यातील बहुतेकांनी हॉटेलात खोली राखून ठेवलेली नसते. रात्र काढायची ती गडावरच्या एखाद्या देवळात, कातळात खोदलेल्या गुहेत किंवा पायथ्याच्या गावातील शाळेच्या पडवीत. भाडे काहीच नाही आणि सोयीही जवळजवळ नाहीतच. पाणी टाक्यातले, दिवा टॉर्चचा आणि अंथरूण कॅरीमॅटचे.

महाराष्ट्रातील डोंगरभटक्यांच्या अनेक पिढ्या अशाच मुक्कामांवर घडल्या. अलीकडे मात्र धरणांच्या काठी भाड्याच्या तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि ज्या जागी पूर्वी कोणीही पथारी टाकत असे, त्यातील काही जागा बंद झाल्या आहेत. त्यामुळे नव्याने डोंगराकडे वळणारा शहरवासी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की मुंबई-पुण्याजवळ विनामूल्य मुक्काम करता येईल अशी जागा उरली आहे का? जागा आहेत, पण त्या शोधताना 'ही जागा कुणाची' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

बेवारस जमीन कुठेच नाही

शहरातून पाहताना सह्याद्रीचा डोंगर मोकळा, कुणाचाही नसलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक टप्प्याला मालक आहे. पायथ्याची शेते आणि माळ बहुधा खासगी मालकीचे असतात. त्यावरचे जंगल वन खात्याचे, गडाचे अवशेष अनेक ठिकाणी केंद्र किंवा राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आणि धरणाचा काठ जलसंपदा विभागाकडे. गडावरचे देऊळ सरकारी नोंदीत कुणाचेही असो, व्यवहारात ते पायथ्याच्या गावाचेच असते. विनामूल्य मुक्कामाची परंपरा टिकली ती मुख्यतः गावामुळे. वाटसरूला देवळात रात्रीचा आसरा नाकारायचा नाही, हा गावाचा जुना रिवाज आहे. भटक्यांनी त्याचा लाभ घेतला, पण हा आपला हक्क नसून गावाचे आतिथ्य आहे, याचा विसर पडू नये.

कुठे राहता येते?

कर्जत तालुक्यातील कोथळीगड, म्हणजेच पेठचा किल्ला, हा मुंबईकरांचा जुना सोबती. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला जावे आणि तेथून पेठ गावात चढावे. गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या सुळक्याच्या पोटात भैरोबाची प्रशस्त गुहा आहे. तिची जमीन सपाट असून खांबांवर कोरीव काम आहे. शेजारीच पाण्याचे टाके आहे. सुळक्याच्या आतून खोदलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर जाता येते. पहिल्याच मुक्कामासाठी जागा शोधणाऱ्यांनी या गडाचा विचार प्रथम करावा, कारण काही अडचण आलीच तर पेठ गाव हाकेच्या अंतरावर आहे.

मुरबाड तालुक्यातील गोरखगडाची गुहा याहून एकाकी. मुरबाडहून म्हसामार्गे देहरी गाव गाठायचे आणि जंगलातून चढत कातळात खोदलेल्या पायऱ्यांपाशी पोहोचायचे. गुहेपुढच्या अंगणात चाफ्याची झाडे, त्यापलीकडे खोल दरी आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. परिसरात पाण्याची टाकी आहेत. पायऱ्या अरुंद व उंच असल्याने अंधारात किंवा ओल्या कातळावर तेथे चढू नये. मुक्काम करायचाच तर दिवस मावळण्यापूर्वी गुहा गाठलेली बरी.

रायगड जिल्ह्यातील सुधागड मोठ्या गटासाठी सोयीचा समजला जातो. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या पालीहून पाच्छापूर किंवा धोंडसे या गावांमार्गे वर जाता येते. गडावर पंतसचिवांचा वाडा आणि भोर संस्थानचे कुलदैवत असलेल्या भोराई देवीचे देऊळ आहे. भटके वर्षानुवर्षे या दोन ठिकाणी मुक्काम करीत आले आहेत. माथा विस्तीर्ण असून गडावर तळी आहेत. धोंडशाच्या वाटेवरचा महादरवाजा रायगडाच्या महादरवाजाची आठवण करून देतो.

राजमाचीची गोष्ट थोडी वेगळी. श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या कुशीतच उधेवाडी हे गाव वसले आहे. लोणावळ्याहून सुमारे पंधरा किलोमीटरची वाट आहे, तर कर्जतकडून कोंडिवडे गावातून खडी चढण आहे. बालेकिल्ले संरक्षित असल्याने मुक्काम गावातच करावा. घराच्या पडवीत झोपायला मिळते. जेवणाचे व राहण्याचे पैसे मात्र आधी बोलून घ्यावेत. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांच्या हंगामात येथे जत्रेसारखी गर्दी लोटते. ज्यांना शांतता हवी त्यांनी ते दिवस टाळलेले उत्तम.

गडांवरील नियम बदलत असतात. वर दिलेल्या कोणत्याही ठिकाणी जाण्यापूर्वी पायथ्याच्या गावात, निदान गड चढण्याआधी, 'सध्या वर मुक्कामाला हरकत नाही ना?' एवढे विचारून घ्यावे.

कुठे राहता येत नाही?

राजगडावरील पद्मावती देवीचे मंदिर हे पुण्याच्या भटक्यांचे कित्येक वर्षे हक्काचे मुक्कामस्थान होते. २०२२ मध्ये पुरातत्त्व खात्याने गडावरील रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. वास्तूंच्या आसपास चुली मांडणे, खरकटे आणि प्लॅस्टिक टाकून जाणे, पाण्याचे साठे घाण करणे या प्रकारांनी गड त्रासून गेला होता. जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात राजगड, लोहगड, शिवनेरी आणि रायगड आहेत. या गडांवरील निर्बंध यापुढे सैल होतील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारके सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुली असतात. लोहगडाची लोमेश ऋषींची गुंफा किंवा विसापूरची पठारे यांवरील मुक्कामाच्या जुन्या कथा ऐकून कोणी तिकडे पथारी टाकू नये. नाणेघाटाचेही तेच. घाटमाथ्यावरच्या मुख्य लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्या या वाटेवरच्या लेण्यात भटके पूर्वी सर्रास झोपत. परंतु चुलीचा धूर भिंतीवर बसला की लेखाची अक्षरे काळवंडतात आणि ती पुन्हा कोरता येत नाहीत. तेथे मुक्काम करायचा झाल्यास घाटघर गावात करावा.

हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई शिखर १९८६ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यात येतात. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ पासूनचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावरच निर्बंध आहेत आणि कलम ३० नुसार तेथे आग लावण्यास मनाई आहे. हरिश्चंद्रगडावरील देवळाभोवतीच्या गुहा आणि कोकणकडा यांचे आकर्षण कितीही असले, तरी तेथील मुक्कामाचा निर्णय वन खात्याचा असतो. पाचनईच्या तपासणी नाक्यावर प्रवेश शुल्क भरताना मुक्कामाविषयी स्पष्ट विचारावे. राखीव वनातही, अभयारण्य नसले तरी, भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार आग पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो.

नवी जागा कशी शोधावी?

प्रसिद्ध गडांवरील गर्दी टाळायची असेल तर नकाशा वाचायला शिकावे. भारतीय सर्वेक्षण विभागाने १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ मध्ये नागरिकांसाठी विनामूल्य खुले केले. या नकाशांवर वाड्या, देवळे, पाऊलवाटा, ओढे आणि समोच्च रेषा दिसतात. ज्या पठारावर देऊळ आणि त्याजवळ पाणी आहे, तेथे मुक्कामाची शक्यता बहुधा असते. आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' हे पुस्तक सह्याद्रीतील वाटांसाठी आजही उपयोगी पडते. मात्र कोणत्याही पुस्तकातील मुक्कामाच्या नोंदी आजच्या नियमांशी ताडून पाहाव्यात.

त्यानंतरचा शोध गावातच घ्यावा लागतो. पायथ्याच्या गावात दिवसाउजेडी पोहोचावे. सरपंच, पोलीस पाटील किंवा देवळाचे पुजारी यांपैकी जो भेटेल त्याला आपण कोण, कुठून आलो, किती जण आहोत आणि उद्या केव्हा परतणार, हे सांगावे. मारुतीच्या देवळाचा सभामंडप किंवा जिल्हा परिषद शाळेची पडवी सहसा नाकारली जात नाही. शाळेसाठी मुख्याध्यापकांची संमती घ्यावी आणि मुले येण्यापूर्वी जागा झाडून मोकळी करावी. शेतात तंबू ठोकायचा असेल तर शेतमालकाला विचारावे. या विचारपूसीचा आणखी एक लाभ आहे. रात्री कोणी परतले नाही, तर शोधाला निघणारे पहिले लोक याच गावचे असतात.

मुक्काम विनामूल्य असला तरी जेवण गावातच घेण्याचा प्रघात पाळावा. पिठलं-भाकरीचे पैसे मोजल्याने भटकंती महाग होत नाही आणि आपल्या येण्याचा गावालाही उपयोग होतो.

ऋतू, पाणी आणि धोके

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उघड्यावरील मुक्कामाचा खरा हंगाम. पाऊस संपल्यावर टाकी भरलेली असतात. मार्चपासून बरीचशी आटतात किंवा पाणी पिण्याजोगे राहत नाही, म्हणून माणशी किमान तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच न्यावे. टाक्यातले पाणी गाळून व उकळूनच प्यावे. जानेवारीत पठारावर थंडी कडाक्याची असते. शहरातली चादर तेथे पुरत नाही.

पावसाळ्यात उघड्यावर किंवा कड्याखाली मुक्काम करूच नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी झोपेत होती. २७ मृतदेह हाती लागले आणि बेपत्ता असलेल्यांचा शोध अखेर थांबवावा लागला. इर्शाळगडावर जाणाऱ्या कित्येक मुंबईकरांनी याच वाडीतल्या घरांत पाणी प्यायले होते, जेवण घेतले होते. पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्यांनाही डोंगराने सूचना दिली नाही, तर एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याने 'काही होत नाही' असे म्हणू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढतात. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावू नये. गुहेत शिरताच प्रथम छताकडे पाहावे. आग्या मोहोळ असल्यास तेथून मुकाट्याने मागे फिरावे, कारण धूर आणि अत्तराच्या वासाने माश्या खवळतात. पथारी टाकण्यापूर्वी जमीन झाडावी, बूट सकाळी झटकूनच घालावेत. कड्याच्या टोकाशी तंबू लावून छायाचित्र चांगले येते, परंतु रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्याला कडा दिसत नाही. अडचणीच्या वेळी ११२ हा आपत्कालीन क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन खात्यासाठी १९२६ हे क्रमांक जवळ असावेत. मोबाइलला संपर्क मिळेलच असे मात्र धरून चालू नये.

मुक्कामाची शिस्त

जुन्या गिर्यारोहण संस्थांनी घालून दिलेले नियम साधे आहेत. चूल न पेटवता लहान स्टोव्ह वापरावा. टाक्यात उतरून अंघोळ करू नये, भांडी पाण्यापासून दूर घासावीत. प्रातर्विधीसाठी पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावले लांब जाऊन खड्डा करावा आणि तो बुजवावा. आणलेला प्रत्येक कागद परत न्यावा. देवळात मद्य आणि मांसाहार नसावा. रात्री दहानंतर स्पीकर तर नकोच, मोठ्याने गप्पाही नकोत. आपण पाहुणे आहोत आणि गाव सकाळी लवकर उठते. व्यावसायिक संस्थेबरोबर जायचे असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची नोंदणी झाली आहे का, हे विचारणे आपल्याच हिताचे.

हे नियम मोडल्याची किंमत मोडणारा सहसा भरत नाही. पद्मावतीच्या देवळाजवळ बाटल्या टाकून गेलेले रविवारी संध्याकाळी घरी पोहोचले. मनाई लागू झाली ती त्यांच्यानंतर येणाऱ्यांवर, राजगडावरची पहाट अजून न पाहिलेल्यांवर. कोथळीगडाची गुहा आणि सुधागडाचा वाडा आज भाडे मागत नाहीत. ते तसेच राहावेत असे वाटत असेल, तर सोमवारी तेथे येणाऱ्या गुराख्याला शनिवारी कोणी राहून गेल्याची खूण सापडू नये.