खजाना विहीर, प्रश्नावली आणि आपल्या मुलांचा कल

बीड शहराजवळची खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, जहागीरदार सलाबतखान यांनी ती बांधविली. रचनाकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव सांगितले जाते. या विहिरीचे पाणी भुयारी मार्गाने निघून उताराने शेतांपर्यंत जाते. शाळेची सहल तेथे गेली म्हणजे काही मुले पाण्यात खडे टाकतात, काही सावली पाहून डबा सोडतात. एखादे मूल मात्र विचारते, "सर, मोट नाही, पंप नाही, मग पाणी शेतात पोचते कसे?"

एखादी रचना कशी चालते हे जाणून घेण्याची ही ओढ सर्वांच्या ठायी सारखी नसते. ती मोजता येते काय, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांना गेल्या शतकात पडला. त्या प्रयत्नांचा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे, कारण दहावीनंतर कोणती वाट धरावी हा प्रश्न दरवर्षी आपल्या घराघरांत उभा राहतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मोमिनाच्या घरी माग, पिंजाऱ्याच्या हाती धनुकली, शिकलगाराच्या हाती सहाण आणि अत्ताराच्या मुलापुढे अत्तराची पेटी ठरलेलीच असे. मुलाचा कल कोणी विचारीत नसे. कारखाने वाढले, नवे धंदे निघाले, तेव्हा निवड करणे भाग पडले. अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. व्यक्तीची ओळख, कामाची ओळख आणि त्या दोहोंचा मेळ, ही त्यांची त्रिसूत्री होती.

पुढे १९२७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एडवर्ड स्ट्राँग यांनी अभिरुचीची छापील प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांची युक्ती साधी होती. एखाद्या धंद्यात स्थिरावलेल्या माणसांना काय आवडते, काय आवडत नाही, हे आधी नोंदवावयाचे आणि मग तरुणाची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावयाची. त्यानंतर फ्रेडरिक कुडर यांनी दुसरी रीत काढली. तीन कामे समोर ठेवावयाची आणि त्यांतले सर्वांत आवडते व सर्वांत नावडते निवडावयास सांगावयाचे. यंत्रांची आवड हे त्यांच्या प्रश्नावलीत एक स्वतंत्र क्षेत्र होते.

या इतिहासातील एक गोष्ट मुलींच्या पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. स्ट्राँग यांच्या प्रश्नावलीची पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी दुसरी अशी दोन पुस्तके होती. एक निळे, दुसरे गुलाबी. ही दोन्ही एकत्र झाली १९७४ मध्ये. तोपर्यंत मुलीची आवड मोजण्यापूर्वीच तिने कोणत्या धंद्यांचा विचार करावा हे पुस्तकाच्या रंगाने ठरून जाई.

आपल्या देशात बुद्धिमापनाचे काम आधी सुरू झाले. धारवाडचे वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी तयार केल्या. अभिरुची आणि व्यवसाय मार्गदर्शन यांचे काम मुंबईत रुजले. १९४१ मध्ये तेथे बाटलीबॉय मार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र उघडले. पारशी समाज संख्येने अगदी लहान. तरीही सरकारची वाट न पाहता त्याने आपल्या मुलांसाठी ही सोय केली. मुंबई सरकारचे केंद्र त्यानंतर, म्हणजे १९५० मध्ये, सुरू झाले. त्या वेळी आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्याबाहेरच होतो, त्यामुळे मुंबई सरकारच्या या कामाशी आपला संबंध उशिरा आला.

भाषेची अडचणही लवकरच ध्यानात आली. प्रश्नाची भाषाच अवघड वाटली तर मूल आवडीचे उत्तर देत नाही, अंदाजाचे देते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील एस. चटर्जी यांनी यावर शब्दांऐवजी काड्यांच्या आकृत्यांची कसोटी बनविली. घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि पुस्तकात तिसरी, अशा आपल्या मुलांच्या दृष्टीने ही कल्पना मोलाची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रचना समजून घेण्याची ओढ नेमकी मोजण्यासाठी केंब्रिज विद्यापीठाचे सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ६० विधाने होती. त्यांपैकी ४० विधानांना गुण आणि २० केवळ भरतीची, उत्तर देणाऱ्यास हेतू कळू नये म्हणून. प्रत्येक विधानाशी आपण पूर्ण सहमत, थोडे सहमत, थोडे असहमत की पूर्ण असहमत, एवढेच सांगावयाचे. एका विधानाला अधिकात अधिक २ गुण, म्हणजे एकूण ८०. 'रचना' या शब्दाचा अर्थ येथे व्यापक आहे. यंत्र ही रचना, तसेच व्याकरण, नकाशा, हवामान, हिशेब यांचीही आपापली रचना असतेच.

या कसोटीत पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा अधिक आली. तेव्हा असे दिसले की, मूळ विधाने बहुतांशी पुरुषांच्या परिचयाच्या क्षेत्रांतून घेतलेली होती. म्हणून २००६ मध्ये ७५ विधानांची सुधारित प्रश्नावली निघाली. सरासरीतील फरक तीतही राहिला. परंतु सरासरी ही समूहाची असते, आपल्या घरातील मुलीची नव्हे. कित्येक स्त्रियांचे गुण कित्येक पुरुषांहून अधिक असतात.

महाराष्ट्र शासनानेही २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य अशा क्षेत्रांकडे मुलाचा ओढा किती, हे तीतून सांगितले जाई. पार्सन्स यांच्यापासून निघालेली वाट अशी शतकानंतर आपल्या वर्गापर्यंत पोचली.

या सर्व इतिहासातून घ्यावयाचा बोध असा की, प्रश्नावली मूल स्वतःविषयी जे सांगते तेवढेच मोजते. आणि मूल जे पाहिले आहे त्याविषयीच सांगू शकते. ज्या मुलीने मोटारीचे इंजिन कधी पाहिले नाही ती 'आवडत नाही' असेच लिहिणार. पण तीच मुलगी घरातील शिलाई मशीन उघडते, तेल देते, टाका सैल का पडतो आणि दोरा का तुटतो याचा शोध घेते, बॉबिन पुन्हा नीट बसविते. तिची ओढ इंजिन दुरुस्त करणाऱ्या मुलापेक्षा कमी कशी म्हणावी? जो मुलगा वर्गात मागे राहतो पण गॅरेजमध्ये एकदा पाहून गिअर जुळवितो, त्याला 'ढ' म्हणून मोकळे होणे हाही तसाच अन्याय आहे. शिवाय आवड आणि कुवत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आवड असेल तेथे मेहनत घडते, आणि मेहनतीने कुवत वाढते.

म्हणून पालकबंधुभगिनींनो, गुणांचा कागद हाती येण्यापूर्वी मुलांना पाहू द्या, उघडू द्या, विचारू द्या. बिघडलेला रेडिओ भंगारात देण्याआधी त्यांच्या हाती द्या. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र, माजलगावचे धरण, सरकी काढणारी जिनिंग, बँकेचा व्यवहार, हे सारे मुलांना आणि मुलींना सारखेच दाखवा. चाचणीचा निकाल आला तर तो बोलणे सुरू करण्यासाठी वापरा, मुलीचे शिक्षण थांबविण्यासाठी नव्हे. शिक्षकांनी वर्षभर पाहिलेल्या गोष्टी त्या निकालाशेजारी ठेवून मगच निर्णय घ्या.

१९४७ साली एका लहान समाजाने जे केले ते आपल्या संस्थेलाही अशक्य नाही. शाळेतील एक खोली, आठवड्यातून एक दिवस, दोन जाणते शिक्षक आणि निरनिराळ्या धंद्यांतील आपल्याच माजी विद्यार्थ्यांची साथ, एवढ्यावर मार्गदर्शन केंद्राचा आरंभ होऊ शकतो. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मात्र तोवर थांबू नका. पाणी शेतात पोचते कसे, हा प्रश्न विचारीत राहा.