ठाणे स्थानक : एकाच शब्दाच्या दोन वाटा

‘ठाणे स्थानक’ असे म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘स्थानक’ आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. ‘ठाणे’ हे त्याचेच पिढ्यान्‌पिढ्या तोंडी झिजलेले रूप. ‘स्थ’चा ‘ठ’ झाला, दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला (पानीय-पाणी हे त्याच जातीचे), आणि शेवटचा ‘क’ गळून उरलेल्या स्वरांचा नपुंसकलिंगी ‘ए’ झाला. पुल्लिंगी ‘घोटक’चा अशाच रीतीने ‘घोडा’ होतो.

हे घडले कधी? उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत ‘श्रीस्थानक’ असेच नाव आहे. त्यावरून बदल नंतरचा वाटेल. पण अल्‌बीरूनीने सुमारे १०३० साली लिहिलेल्या ग्रंथात कोकणची राजधानी आहे ‘ताना’. अरबी लिपीत ‘ठ’ नाही, तेव्हा नेमका उच्चार त्यावरून ठरत नाही. ‘स’ मात्र आहे. तो ऐकिवात असता तर लिहायला अडचण नव्हती. म्हणजे राजाचा लेखनिक तांब्यावर ‘स्थानक’ कोरवून घेत होता, तेव्हा लोक तो ‘स’ टाकून मोकळे झाले होते! म्हणून ‘ठाणे’ला वर्गात ‘बिघडलेले रूप’ म्हणणे आम्हांला पटत नाही.

आता व्याकरणाचा तास. मुले ‘ठाणेला जातो’ लिहितात, आपण लाल रेघ मारतो. पण ‘ठाण्याला’ का, हे सांगत नाही. मराठीच्या घडणीवर १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांच्यासह अभ्यासक सामान्यरूपाचे मूळ जुन्या षष्ठीत पाहतात. ‘स्थानकस्य’मधला ‘स्य’ प्राकृतात ‘स्स’ झाला, पुढे झिजत गेला. ‘ठाण्या’तला शेवटचा ‘आ’ हा त्याचाच अवशेष. ‘ला’, ‘त’, ‘हून’ या अवशेषाला लागतात. ‘कर’ थेट नावाला, म्हणून ‘ठाणेकर’.

इंडोनेशियन भाषेत अशी घडामोड शब्दाच्या आरंभी दिसते. ‘तुलिस’ म्हणजे लिहिणे. उपसर्ग लागला की ‘त’ गळून ‘मनुलिस’ होते. तिथल्या मुलाला कोशात शब्द शोधायचा तर गळलेला ‘त’ आधी आठवावा लागतो. आपल्याकडे ‘मिठागर’चा ऱ्हस्व ‘मि’ पाहून ‘मीठ’ दीर्घ लिहायचे, हे त्यातलेच.