सपाटीचा सोस: रंध्याची कुळकथा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर एका सुताराचं नाव कोरलेलं आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. हे दार आपण केलं, असं तो सांगतो. आत छताला सागवानी फासळ्या आहेत, आणि दोन हजार वर्षांचे पावसाळे काढूनही त्या अजून जागेवर आहेत. या कामाच्या आगेमागेच, इसवी सन ७९ मध्ये, इटलीत व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गेलं. त्या राखेतून उकरून काढलेल्या हत्यारांत रंधे निघाले. खाली लोखंडी तळ, आत लाकूड, तिरकं बसवलेलं पान, पान दाबून धरणारी पाचर, आणि पाचर सुटू नये म्हणून एका बाजूतून दुसऱ्या बाजूला गेलेली आडवी दांडी. आजच्या सुताराच्या हातात तसा रंधा दिला तर कसा धरायचा हे त्याला विचारावं लागणार नाही.

सामीचं काम मात्र वाकसावर, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारावर, भागलं असावं, असं मला वाटतं. वाकस ज्याच्या हातात बसला त्याला रंध्यावाचून फारसं अडत नाही. इजिप्तच्या सुतारांनी राजांच्या खुर्च्या आणि शवपेट्या वाकसाने तासून, वरून वाळूच्या दगडाने घासून केल्या. रंधा त्यांच्याकडे नव्हताच, आणि त्या खुर्च्या पाहून कुणाला तो आठवतही नाही.

आपल्याकडे तर गावाची सगळी रचनाच वाकसाला धरून होती. सुतार आणि लोहार हे थोरल्या कासेतले बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिलं, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झाली होती, पण चालू होती. सुताराने वर्षभर शेतकऱ्याची औतं सांभाळायची आणि खळ्यावर बैतं घ्यायचं. कामं कोणती? नांगर, कुळव, तिफण, जू, गाडीची डागडुजी. यांत सपाट असं काय आहे? नांगराच्या खोडाचा बाक झाडातच आलेला असतो. बाभळीचं लाकूड निवडतानाच सुतार तो हेरतो आणि तंतूंच्या कलाने तासत जातो. तोच बाक सरळ लाकडातून करवतीने काढला, तर तंतू मध्येच तुटतात आणि पहिल्याच कठीण ढेकळाला खोड दगा देतं. जुन्या वाड्यांच्या तुळयांवर वाकसाच्या लाटा हाताला लागतात. त्या गुळगुळीत करायला हव्या होत्या, असं ना मालकाला वाटलं ना सुताराला.

सपाटीचा सोस आला तो वेगळ्याच वाटेने. दोन फळ्या कडेला कड लावून सांधायच्या असतील आणि मधून उजेड दिसू नये असं वाटत असेल, तर वाकस हात टेकतो. मेज, संदूक, खणांची कपाटं, चौकटीत दिलहे बसवलेली दारं, हे सगळं सांध्यांचं काम. या वस्तू शेतकऱ्याच्या घरातल्या नव्हेत, दरबारातल्या आणि पेठेतल्या. मेज आणि संदूक ही नावं परकी, आणि रंधा हे नावही फारसीतल्या ‘रंदा’वरून आलेलं, इराणात किसणीलाही तेच म्हणतात. आमचा पन्हाळा किल्लाच पाहा, तो दीड शतकाहून अधिक काळ आदिलशाहीत होता आणि त्याच्या तीन दरवाजावर फारसी लेख अजून आहे. तेव्हा हे हत्यार, निदान त्याचं आजचं रूप, दख्खनच्या सुलतानांच्या कारखान्यांतून खाली उतरलं असावं, असा माझा कयास. वाकस मात्र आपला तो आपलाच.

आल्यावर रंध्याने इथली बैठक घेतली, हे मला सगळ्यांत मजेचं वाटतं. युरोपातला सुतार उभा राहून, कमरेइतक्या उंच बाकावर फळी अडकवून रंधा ढकलतो. जपानी सुतार तोच रंधा उलट फिरवून स्वतःकडे ओढतो. जपानातही ठोकळ्याचा रंधा तसा उशिराच, चार-पाचशे वर्षांपूर्वी रुळला. त्याआधी भाल्याच्या पात्यासारख्या हत्याराने लाकूड सोलत. आपला सुतार जमिनीवर बसला, फळी पायांनी दाबून धरली आणि रंधा मारू लागला. काम मोठं असेल तर रंध्याच्या पुढच्या टोकाला आडवी मूठ किंवा दोरी. मागून उस्ताद ढकलतो, समोरून पोरगा ओढतो. कितीकांची सुतारकी अशा ओढण्यापासून सुरू झाली असेल.

या साऱ्या काळात आपल्याकडे रंधा सहसा विकत घेण्याची वस्तू नव्हती. पान लोहाराकडून किंवा बाजारातून आणायचं, ठोकळा मात्र ज्याचा त्याने घडवायचा. रंध्याचं रूपच बदललं ते अमेरिकेत. बोस्टनच्या लिओनार्ड बेली याने १८६० च्या दशकात बिडाच्या रंध्यासाठी एकामागून एक पेटंटं घेतली. पान वर-खाली करायला स्क्रू, आणि पाचरीच्या जागी झटक्यात बसणारी कळ. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी तेच रूप उचललं. आपल्या आयटीआयमधला जॅक रंधा त्याच घराण्यातला.

पण लाकडी रंधा संपला नाही. तो हौशी लोकांनी परत आणला. जेम्स क्रेनॉव्ह हा १९२० साली सायबेरियात जन्मलेला, अलास्कात वाढलेला आणि स्टॉकहोममध्ये कार्ल माल्मस्टेनच्या हाताखाली शिकलेला माणूस. १९७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि १९८१ पासून तो कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला शिकवू लागला. अखंड ठोकळ्यात पान बसवायचं भोक पटाशीने कोरणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम. क्रेनॉव्ह ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतून काढायचा, मधला भाग तिरका कापायचा आणि सगळं परत चिकटवायचा. कोरणं संपलंच. पाचर धरायला त्याने आडवी दांडी घातली. पाँपेईच्या रंध्यात होती तीच.

पन्हाळ्यावर पडवीतल्या पडवीत हे करता येतं. शिसवाचा दहा इंची तुकडा घ्यावा, चांगला वर्ष-दोन वर्षं मुरलेला, आणि झाडाच्या सालीकडची बाजू खाली ठेवावी. बाजूच्या फळ्या, म्हणजे गाल, अर्ध्या इंचाचे. मधल्या तुकड्यात पानाची बैठक ४५ अंशांची. गुण्याच्या कर्णाने आखली की झालं. आपल्याकडच्या गुंतलेल्या तंतूंच्या लाकडाला मी ५० अंश ठेवायला सांगेन, ढकलायला जड जातं पण लाकूड उचकटत नाही. तोंड, म्हणजे पानाची धार आणि पुढचं लाकूड यांमधली फट, सुताच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी हवी. फट मोठी झाली की साल निघायच्या आधीच फाटा पुढे धावतो आणि फळीला खड्डा पडतो. चिकटवायला पूर्वी सरस असे, उकळून, वास सहन करून. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि ती कटकट मिटली.

खरा जीव पानात. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा भंगारात सहज मिळतो. तो घेऊन लोहाराकडे बसायचं. दोन इंच रुंद पान भात्यावर लाल होऊ द्यायचं. लोहचुंबक त्याला धरेनासं झालं की वेळ झाली. मग धारेकडून सरळ तेलात. याला पाणी देणं म्हणतात, तेल असलं तरी. या घडीला पान काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ असतं, हातातून पडलं तर टवका उडतो. म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायची. चकाकीवर रंग चढतो: आधी फिकट, मग वाळल्या गवतासारखा पिवळा. तिथेच थांबवायचं. निळा दिसला तर पान उतरलं, पुन्हा पहिल्यापासून. कमानपाट्यात कार्बन कानशीपेक्षा कमी, म्हणून धार लवकर जाते. जुनी कानस मिळाली तर तीच घ्यावी. शिवाय सागवानात वाळूसारखी सिलिका असते, ती कुठल्याही पानाची धार खातेच.

पाचर ठोकून पान बसवलं की सुरू होते ठोकाठोकी. पानाच्या डोक्यावर हलका ठोका मारला की धार खाली उतरते, ठोकळ्याच्या मागच्या कपाळावर मारला की वर सरकते. बेलीचा स्क्रू हेच करतो, पण ठोक्याने केसभर फरक करायला एकदा जमलं की स्क्रूची आठवण येत नाही. नीट लागलेल्या रंध्याची साल कागदासारखी निघते आणि मागे फळी अशी राहते की पॉलिशपेपर लावला तर उलट मळकट दिसेल.

लाकडी रंध्याचा एक दोष पन्हाळ्यावर लपत नाही. हजार मीटरच्या आसपासची उंची. आषाढ-श्रावणात ढग दारातून आत येतात आणि मीठ, कपडे, दारं यांच्यासोबत रंधाही फुगतो. तळ वाकतो, पाचर घट्ट होऊन बसते. पावसाळ्यात पाचर सैल करून ठेवावी, नाहीतर गालांचा सांधा उकलतो. दसऱ्याच्या पूजेत हत्यारं मांडायच्या आधी पाचर पुन्हा ठोकून, पान तळाच्या आत घेऊन, गुळगुळीत कडप्प्यावर पॉलिशपेपर पसरून तळ घासून काढावा. पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा सरळ होतो. बिडाचा रंधा फुगत नाही, पण याच हवेत त्याला तांब चढते, तेव्हा हिशेब सारखाच. वर्षांनुवर्षं घासून तोंड मोठं झालं, तर पुढच्या बाजूला शिसवाचाच छोटा तुकडा बसवायचा, नवं तोंड पाडायचं आणि पान तेच ठेवायचं.