दोन यमुना

कादंबरी वाचावी आणि तिच्यावर मत देण्याचे काम समीक्षकांवर सोपवावे, असा आमचा नेहमीचा शिरस्ता. परंतु अलीकडे दोन जुन्या कादंबऱ्या लागोपाठ वाचनात आल्या, आणि दोहोंच्या नायिकेचे नाव यमुनाच निघाल्याने तुलनेचा मोह आवरेना. पहिली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. दुसरी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’, जी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दोहोंचा विषय एकच, विधवेचे जिणे.

मराठीतील पहिली कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. बाबा पदमनजी प्रॉटेस्टंट होते, आपल्या पंथाचे नव्हेत. तरी हा अभिमान आपण वाटून घेतो. ती ‘पहिली’ की ‘मुक्तामाला’ (१८६१) पहिली, हा वाद विद्वानांचा. आम्हांला प्रश्न पडला तो वेगळा: हे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आले. लेखक तेव्हा सव्वीस वर्षांचा, बाप्तिस्मा घेऊन तीनच वर्षे झालेली. यमुना व तिचा नवरा विनायकराव प्रवास करतात आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. प्रवासाचा हा साचा मराठी वाचकांस अगदीच नवा नव्हता. बनियनच्या यात्रेकरूची कथा हरि केशवजींनी १८४१ सालीच ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली होती. मात्र तो यात्रेकरू स्वर्गाच्या वाटेने जातो. ही यमुना महाराष्ट्रातल्या माजघरांत जाऊन बसते, आणि तिथे दबल्या आवाजात बोलले जाणारे सारे पुस्तकात उतरते. त्या काळच्या मराठी गद्यात बायकांचे बोलणे इतक्या सहानुभूतीने क्वचितच कोणी टिपले असेल. पुस्तकाचे खरे मोल आम्हांस येथेच वाटते.

पुढे विनायकराव अकाली मरण पावतो, यमुनेवर तीच पाळी येते, आणि अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुन्हा संसार मांडते. आम्ही श्रद्धावान असूनही येथे अडखळलो. बाप्तिस्मा हा जीवनाचा आरंभ. लेखक मात्र त्याचा उपयोग कथानकाची गाठ सोडवण्यासाठी करतो. यमुनेचे मन आतून कसे पालटले ते नीटसे दिसत नाही, प्रवचन मात्र ऐकू येते.

आपट्यांची यमू स्वतःच बोलते, बालपणापासून. भातुकली, कडक वडील, सोसणारी आई, मैत्रीण दुर्गी. मग सुशिक्षित नवरा रघुनाथराव आणि मुंबईचे थोडे सुखाचे दिवस. हे सुख आपट्यांनी सावकाश, पानेच्या पाने खर्चून रंगवले आहे. म्हणूनच पुढे शंकरमामंजी तिचे केशवपन करवितात तो भाग आम्हांला एका बैठकीत वाचवला नाही. यमूला सुटका नाही. कलाकृती म्हणून दुसरी यमू कितीतरी सरस, हे सांगताना समाजाचा अभिमान आड येऊ नये.

तरीही पहिल्या पुस्तकाची बाजू घ्यावीशी वाटते. पदमनजींनी कल्पनेत उघडलेले दार पुढे खरोखर उघडले. १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि ते लवकरच पुण्यास नेले. आपटे पुण्यात यमूची कहाणी लिहीत होते, तो काळ हाच. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या ओढीवरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. म्हणजे १८५७ च्या कादंबरीत जो शेवट एका प्रकरणात उरकतो, त्याची किंमत प्रत्यक्षात काय होती ते छत्तीस वर्षांनी साऱ्या पुण्याने पाहिले.

एक गोष्ट मात्र पुस्तक मिटल्यावरही आम्हांस सोडीना. पर्यटनात यमुनेपाशी मन मोकळे करणाऱ्या त्या बायका! यमुनेचे कल्याण झाले. त्यांच्यापैकी बहुतेकींची कहाणी सांगून झाली, की प्रवासी पुढच्या गावाला निघतात आणि त्या आपल्या माजघरातच राहतात.