पॅक्स-६ जनुक
* पॅक्स-६ : मानवाच्या ११व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील जनुक. गर्भात डोळे, मेंदूचे काही भाग व स्वादुपिंड घडताना ते आवश्यक असते. त्याच्यापासून बनणारे ४२२ अमिनो आम्लांचे प्रथिन डीएनएला बिलगून इतर जनुकांचे काम सुरू करते किंवा थांबवते. या प्रथिनाचे प्रमाण फार महत्त्वाचे आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली, तरी ते अपुरे पडते आणि बाळ बहुधा परितारिकेविना, म्हणजे डोळ्यातील रंगीत पडद्याविना, जन्मते. गुणसूत्राचा तुकडा गळून शेजारचे डब्ल्यूटी-१ जनुकही गेले असेल, तर मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून अशा बाळांची जनुकतपासणी लवकर व्हायला हवी. १९९५ साली बाझेल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने उंदराचे हे जनुक फळमाशीच्या पायात कार्यरत केले. तिथे डोळा उगवला, पण माशीचाच. जनुक फक्त आदेश देते, डोळ्याची घडण त्या प्राण्याची स्वतःचीच असते, हे त्यातून स्पष्ट झाले. मानवाचे व उंदराचे हे प्रथिन अमिनो आम्लांच्या क्रमात तंतोतंत सारखे आहे. — संपा.