दुर्बीण पारखताना : छापील आकडा नव्हे, डोळ्यांचा कौल महत्त्वाचा

वलगाव (जि. अमरावती) : अमरावतीहून परतवाड्याकडे निघालेला रस्ता वलगावला पेढी नदी ओलांडतो आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन मेळघाटच्या जंगलात शिरतो. हिवाळा लागला की या रस्त्याने जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यात दुर्बीण हमखास दिसते. हौस वाढली, तशी बाजारपेठही वाढली. मात्र खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलून घेतलेली दुर्बीण पहिल्याच पावसाळ्यात निकामी झाल्याचा अनुभव अनेकांच्या पदरी येतो. चांगली दुर्बीण कशी ओळखावी आणि ती वर्षानुवर्षे विश्वासाने वापरता येईल की नाही, हे कसे ठरवावे, याचा हा आढावा.

एका पिंगळ्याची साक्ष

दुर्बिणीचा दर्जा हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून ध्यानात येते. या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळाला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेल्या नमुन्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. त्या काळी पक्ष्याची ओळख पटवायची म्हणजे त्याला बंदुकीने टिपायचे आणि मृत देह हातात घेऊन तपासायचा, अशीच रीत होती.

रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. तो दावा बाजूला ठेवून जुन्या अस्सल नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही त्याचा चांगला आढळ असल्याचे स्पष्ट झाले.

गावोगावी दिसणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत फरक थोडाच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना असते आणि छाती गडद तपकिरी दिसते. दुर्बिणीतील प्रतिमा धूसर असली, की हाच फरक पुसला जातो आणि संकटग्रस्त पक्ष्याची चुकीची नोंद होते. म्हणूनच दुर्बीण ही निरीक्षकाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदार विश्वासू असावा लागतो.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा. आठपट वर्धनाच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरील पक्षी जणू १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, तर १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर येतो. उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते. अंधारात ती पाच ते सात मिलिमीटरपर्यंत रुंदावते आणि वयाबरोबर हे रुंदावणे कमी होत जाते. भर दुपारी दोन्ही दुर्बिणी सारख्याच वाटतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, सागाच्या दाट सावलीत मात्र फरक कळतो.

‘जास्त वर्धन म्हणजे चांगली दुर्बीण’ हा समज चुकीचा आहे. वर्धन वाढते तसे हाताचे थरथरणे वाढते आणि दृष्टिक्षेत्र आक्रसते. त्यातच उन्हाळ्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा जमिनीलगतची हवा लहरू लागते. अशा हवेतून पाहताना अधिक वर्धनाने तपशील नव्हे, तर लहरीच मोठ्या होतात. हातात धरून पाहण्यासाठी आठ ते दहापट वर्धन पुरे. खोक्यावर पन्नासपट, शंभरपट असे दावे असलेल्या किंवा वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त झूम दुर्बिणींपासून दूर राहिलेलेच बरे. तलावावरील लांबची बदके पाहायची असतील, तर तिवईवर बसवलेली एकनळी दुर्बीण उपयोगी पडते.

काच आणि लेप

दोन दुर्बिणींचे आकडे सारखे असूनही एकीतून चित्र लख्ख आणि दुसरीतून मळकट दिसते. याचे मुख्य कारण लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. परावर्तन रोखणारा लेप झाइस कंपनीचे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधून काढला. आज चांगल्या दुर्बिणीत सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप असतो.

हा लेप दुकानातही तपासता येतो. वस्तुभिंगात छताच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते मंद हिरवे वा जांभळे दिसले, तर लेप आहे. दिव्यासारखेच पांढरे लख्ख प्रतिबिंब दिसले, तर त्या पृष्ठभागावर लेप नाही. माणकासारखी लाल चमकणारी भिंगे दिसायला आकर्षक असली, तरी ती लाल प्रकाश परत फेकतात. त्यामुळे चित्र निळसर-हिरवट दिसते आणि पक्ष्याचा खरा रंग कळत नाही.

दुसरी कसोटी लोलकांची. दुर्बीण हातभर अंतरावर धरून आकाशाकडे रोखावी आणि डोळ्याकडील भिंगातील प्रकाशाचे वर्तुळ पाहावे. ते स्वच्छ गोल असावे. त्याच्या कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर लोलकाची काच हलकी आहे किंवा लोलक लहान पडतो, असे समजावे.

दुकानाच्या दारात करावयाच्या कसोट्या

आधी दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करावे. मग डावी बाजू झाकून उजव्या नळीवरील कडे फिरवावे. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) आकाशाच्या पार्श्वभूमीवरील विजेची तार न्याहाळावी. तारेला जांभळी-हिरवी झालर ठळक दिसली, तर काच सामान्य प्रतीची आहे.

२) लांबच्या पाटीवरील अक्षरे मध्यभागी धरावीत आणि हळूहळू कडेला न्यावीत. मध्यभागी ती ठसठशीत हवीतच; कडेलाही फारशी पुसट होऊ नयेत.

३) दोन्ही नळ्या समांतर आहेत का, हे पाहावे. पाच मिनिटे पाहिल्यावर डोळ्यांवर ताण आला, डोके जड झाले किंवा तार दुहेरी दिसली, तर ती दुर्बीण घेऊ नये.

४) मधले चाक दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरावे. ते मध्येच अडत किंवा सैल होत असेल, तर यंत्रणा कच्ची आहे.

५) चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह पाहावे. डोळ्यापासून किमान १५ मिलिमीटर अंतरावरूनही पूर्ण दृष्टिक्षेत्र दिसले पाहिजे.

शक्य असेल तर ही परीक्षा सायंकाळी करावी. कडुनिंबाच्या सावलीतील फांद्या ज्या दुर्बिणीतून सुट्या दिसतात, ती घ्यावी. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कदापि पाहू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

टिकाऊपणाची परीक्षा

चिखलदऱ्याच्या पावसाळी धुक्यात ज्या दुर्बिणीच्या आत बाष्प धरते, तिच्यात पुढे बुरशीही वाढते. बुरशी लेप खाते आणि तो परत मिळत नाही. त्यामुळे आत नायट्रोजन वायू भरून बंद केलेली दुर्बीण आपल्या हवामानात अधिक टिकते. ‘पाण्याचे शिंतोडे सहन करणारी’ आणि ‘जलरोधक’ यांतील फरक विक्रेत्याला स्पष्ट विचारावा. ‘आयपीएक्स ७’ हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याची कसोटी. घरी दुर्बीण बंद कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. उन्हात उभ्या मोटारीत ती ठेवणे टाळावे. उष्णतेने आतील वंगण पातळ होते. हमीपत्रात नळ्यांची समांतरता आणि आतील बाष्प यांचा समावेश आहे का आणि दुरुस्ती कोठे होते, हेही आधीच पाहावे.

बंदुकीवरील दुर्बीण

हेच प्रकाशशास्त्र बंदुकीवरील दुर्बिणीलाही लागू होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकारीचे युग मागे पडले. आता अशी दुर्बीण मुख्यत्वे सैन्य, पोलीस आणि परवानाधारक नेमबाजांच्या काही दूर पल्ल्याच्या स्पर्धांत दिसते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात तर वर्धक दुर्बिणीला मुभाच नसते. बंदुकीवरील दुर्बिणीत चित्राच्या लख्खपणाहून महत्त्वाचा असतो तो स्थिरपणा. धक्क्यांवर धक्के बसूनही नेमाची खूण जागची हलता कामा नये. वरच्या चकतीचा एक टप्पा १०० मीटरवर सुमारे सात मिलिमीटरचा सांगितला असेल, तर प्रत्येक टप्पा तेवढाच भरला पाहिजे; चकती पुढे-मागे फिरवून मूळ जागी आणल्यावर नेमही मूळ जागी परतला पाहिजे. तो परतत नसेल, तर काच कितीही उत्तम असली तरी ते साधन निरुपयोगी.

दोन्ही प्रकारांत सार एकच. वर्धनाचा आकडा छापणे सोपे असते. दहा पावसाळ्यांनंतरही पहिल्या दिवशी दाखवले तेच दाखवणे कठीण. मेळघाटच्या पानगळीत समोरच्या फांदीवर बसलेल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, हे ठामपणे सांगता येईल अशीच दुर्बीण निवडावी. ते सांगता येत नसेल, तर वहीत नुसते ‘पिंगळा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.